म्हसोबाचे डोळे उतरवले त्या रात्रीबद्दल

ताई,
स. न. वि. वि.

आमच्या संग्रहालयातल्या वस्तूंची दुरुस्ती आणि जतन तुम्ही केलंत, त्याबद्दल हे पत्र उघड लिहितोय. आभार खासगीत मानले की आधी ज्यांनी वाट लावली त्यांच्या कानावर काही जात नाही.

आमच्या संग्रहात मोठे देव नाहीतच, सगळे राखणदार. शेंदराचा म्हसोबा, वेतोबाला वाहिलेल्या चपला, घराघरांतले टाक म्हणजे देव उठवलेले धातूचे पत्रे, शिशाचे आणि चांदीचे ताईत, गोव्याकडचा लाकडी देवदूत. तुमच्या आधीच्या ठेकेदाराकडे या सगळ्यांना एकच औषध होतं: चकचकीत वॉर्निश. चपलांना तर त्याने चक्क बूट पॉलिश केलं! आरवलीच्या वेतोबाला भक्त त्या हातभर लांबीच्या चपला का वाहतात? तो रात्री गावाची फेरी मारतो आणि त्या झिजतात, ही श्रद्धा. झिजलेला तळ हाच त्या वस्तूचा पुरावा, आणि तोच काळ्या मेणाखाली गाडला गेला. तुम्ही ते मेण दिव्याखाली इंच इंच उतरवलंत. चामड्याला तेल लावू दिलं नाहीत, कारण कोकणातल्या पावसाळी हवेत तेलकट चामड्यावर बुरशी आधी धरते. चपलांचा आकार टिकावा म्हणून पट्ट्यांखाली आम्लविरहित कागदाच्या वळ्या दिल्यात, बस्स.

म्हसोबाचं मात्र सविस्तर लिहायला हवं. शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. जवसाच्या तेलात कालवला तर काही दिवसांत दगडासारखा कडक होतो. खोबरेलात कालवला तर वर्षानुवर्षं चिकट राहतो, धूळ आणि मुंग्या ओढतो. ज्याच्या हाती जे तेल लागेल ते वापरायचं, हेच पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. त्यामुळे मऊ थरावर कडक थर बसला की वरचा तडकणार आणि ढलप्या पडणार, हे ठरलेलंच. ठेकेदाराने यावर तारेचा ब्रश काढला होता. विषारी लाल धूळ कपाटांच्या फटीत जाऊन बसली, ती ओल्या फडक्यानेच टिपावी लागते, झाडू मारला की पुन्हा हवेत.

तुम्ही आधी मूर्तीच्या पाठीमागे दोन इंचांची चौकट आखून तिथे करून पाहिलंत. अ‍ॅसिटोनमध्ये भिजवून घट्ट पिळलेला कापूस, वर प्लास्टिकचा कागद, दहा-पंधरा मिनिटं. थर फुगला की बांबूची पट्टी. लोखंड कुठेही नाही. कापूस निथळता ठेवला असता तर विरघळलेलं लाल तेल मूर्तीच्या जांभा दगडाच्या भोकांत उतरलं असतं आणि मग ते कोणाच्या बापाला निघालं नसतं. पाणी तर जांभ्यावर नकोच. आतले क्षार वर येऊन पृष्ठभाग भुसभुशीत होतो. आणि मुख्य म्हणजे सैल झालेले बाहेरचे थर काढून तुम्ही थांबलात. आतला घट्ट शेंदूर तसाच ठेवलात. सगळं खरवडून खाली काय आहे ते बघू, असा आग्रह आमच्यातल्याच काहींनी धरला होता. तेव्हा तुम्ही म्हणालात, खाली निघेल तो धोंडा, म्हसोबा म्हणजे हे वरचंच. निघालेल्या ढलप्या थरांच्या क्रमाने काचेच्या नळ्यांत भरून झाकणं बंद केलीत, वर ‘शिसे, हात धुवा’ अशी चिठ्ठी.

पण खरं पत्र एका फडक्यासाठी आहे. डोळ्यांभोवतीचा शेंदूर सुटला होता म्हणून चांदीचे डोळे उतरवावे लागले. ते स्वच्छ करून परत बसवायचं काम दुसऱ्या दिवसावर गेलं. निघताना तुम्ही पिशवीतून पांढरं मलमल काढलंत आणि त्या दोन खाचा दिसणार नाहीत असं चेहऱ्यावर बांधलंत. गाठ मागे, सैल, ओल्या शेंदराला कापड चिकटू नये म्हणून मध्ये बटर पेपर. कोणी सांगितलं नव्हतं. तुम्ही देव मानता की नाही ते आम्हाला माहीत नाही, विचारणारही नाही. ज्यांचा तो राखणदार आहे ती माणसं सकाळी आली असती आणि त्यांना तो बिनडोळ्यांचा दिसला असता, एवढंच तुमच्या डोक्यात आलं असावं. एवढं डोक्यात येणारी माणसं फार थोडी. कामात हुशार असणारे पैशाला पासरी मिळतात; दुसऱ्याच्या श्रद्धेपाशी आवाज खाली करणारा, स्वतःची श्रद्धा असो वा नसो, शोधावा लागतो.

देवदूताचंही तेच. मुलाचा हात धरून चालणारा तो राखणदार. ख्रिस्ती मंडळी २ ऑक्टोबरला त्याचा सण पाळतात. पंख वेगळे कोरून पाठीत खुंटीने बसवलेले, म्हणून तेच आधी हलतात. कोणीतरी त्यात लोखंडी खिळे ठोकले होते, ते गंजून फुगले आणि लाकूड फाटलं. खाली रोज ताजं पीठ पडत होतं, म्हणजे कीड जिवंत. शीतकपाटात गोठवायचा सोपा उपाय तुम्ही नाकारलात, कारण रंगाखालचा खडू आणि सरसाचा थर लाकडाबरोबर आकसत नाही, सुटून येतो. हवाबंद पिशवी, प्राणवायू शोषणाऱ्या पुड्या, आतलं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या खाली, तीन आठवडे. पीठ थांबलं.

टाक ठेकेदाराने आम्लात बुडवले होते. चांदीचा पत्रा आणि मागचं तांबं यांच्यामध्ये ते आम्ल शिरून हिरवं फुटलं. कपाटातलं लोकरी फेल्टही त्याचीच देणगी. त्यातून गंधकाचे वायू सुटतात आणि चांदी काळी पडते. प्लायवूडच्या आम्लाने शिशाच्या ताइतांवर पांढरी भुकटी धरली होती. फेल्ट आणि प्लायवूड दोन्ही गेलं. टाकावरच्या खंडोबाचं नाक रोजच्या घासण्याने सपाट झालंय, ते तसंच राहू दिलंत, आणि ताईत एकही उघडला नाहीत. पाटीवर आता सरळ लिहिलंय: ‘आत काय आहे ते पाहिलेले नाही.’

राहता राहिलं तुमचं बिल. मलमलीच्या फडक्यासकट पाठवा. ‘बघू नंतर’ हे उत्तर हिशेबनिसांना चालत नाही.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपले,
संग्रहालयाची मंडळी