आधी आईची सोय

नागपूर, 9 एप्रिल 2026

ती. बाबा आणि आई,

प्रभूमध्ये दोघांना सलाम. प्रभू उठला आहे! ('खरोखर उठला आहे' हे पुढचं उत्तर दोघांनी मोठ्याने म्हणा, म्हणजे शेजारच्या काकूंनाही कळेल की नागपूरचं पत्र आलं.)

फोन रोज होतो, पण फोनवर बाबा तीन वाक्यांत विषय मिटवतात. आम्ही बरे आहोत, देव पुरवतो, तू तुझं बघ. पत्राला मध्येच 'बरं, ठेवतो' म्हणता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

गुड फ्रायडेला बारा ते तीन उपासनेला बसले होते. पंखे नुसतीच गरम हवा ढवळत होते. प्रभूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलले. दोन-तीन जणांचं जरा लांबलंच, पण तिसऱ्या उद्गाराला मंडळीतल्या एक निवृत्त नर्सबाई उभ्या राहिल्या आणि सगळे ताठ बसले. त्यांनी सुरुवातच श्वासापासून केली. असं टांगलेल्या माणसाला श्वास घेणंच जड जातं, त्यात बोलायचं म्हणजे एकेक शब्द महागात पडतो. एवढ्या मोलाचे शब्द प्रभूने कशावर खर्च केले? आईवर. 'बाई, पाहा, हा तुझा मुलगा.' आणि शिष्याला, 'पाहा, ही तुझी आई.' योहानाच्या शुभवर्तमानात याच्या पुढेच 'मला तहान लागली आहे' येतं. आधी आईची सोय, मग स्वतःची तहान. माझ्या शेजारची मुलगी पदराने डोळे पुसत होती. मी मात्र तुमच्याशी मनातल्या मनात भांडत होते.

भांडण कशाचं ते तुम्हाला ठाऊक आहे. गेल्या दिवाळीपासून मी म्हणतेय, इथे या, आमच्यापाशी राहा. त्यावर आई म्हणते, लेकीच्या घरी पाहुणचारापुरतं जावं, मुक्काम ठोकू नये. बाबा म्हणतात, जावयाच्या घरी कितीही झालं तरी संकोच वाटतो. आपल्या घरात तीन पिढ्या ख्रिस्ती झाल्या, हुंडा बंद झाला, पत्रिका बंद झाल्या, पण लेकीच्या घरचं पाणी अजून जड लागतं! बाबा, तुम्ही शाळेत मुलांना शास्त्र शिकवलंत, म्हणून शास्त्रातूनच विचारते. मरियेला दुसरं कुणी नव्हतं का? मार्क 6 मध्ये प्रभूच्या भावांची नावं दिली आहेत: याकोब, योसे, यहूदा, शिमोन. कॅथलिक मंडळी त्यांना चुलत-मावस भाऊ मानतात, पण तेही नातेवाईकच की. तरी प्रभूने आईला त्यांच्यापैकी कुणाकडे न सोपवता वधस्तंभापाशी जो उभा होता त्याच्याकडे सोपवलं. लोक काय म्हणतील याची तजवीज त्यात कुठेच दिसत नाही. आणि मरियेनेही 'नको बाई, परक्याच्या घरी कसं राहू' असं म्हटल्याचं लिहिलेलं नाही. त्या शिष्याने तिला आपल्या घरी नेलं आणि ती गेली.

पुढे ती कोपऱ्यात पडून राहिली असंही नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्या अध्यायात, प्रभूच्या स्वर्गारोहणानंतर, माडीवरच्या खोलीत प्रार्थनेला बसलेल्यांत तिचं नाव आहे. शास्त्रात ती आपल्याला शेवटची दिसते ती तिथेच, भरल्या मंडळीत.

ईस्टरच्या रविवारी पहाटेची उपासना आवारातच झाली. दव कुठलं इथे, पण पाचला हवा जरा बरी असते. नंतर तरुण संघाच्या पोरांनी मोठ्या कढईत पोहे केले, वर चण्याची तर्री. आई, तुला एक घास झेपला नसता, तिखटाने मलाच उचकी लागली. तिथे एक आजी आहेत. मुलगा परदेशात, बोटं संधिवाताने वाकलेली. त्यांना बाकावर बसवून एका पोराने बशी आणून दिली, दुसऱ्याने तर्री वेगळ्या वाटीत घेऊन वरचा तेलाचा तवंग चमच्याने काढून टाकला आणि खालचे चणे तेवढे पोह्यांवर घातले. निघताना एक बाई त्यांच्या पायाशी बसली आणि चपलेचा पट्टा लावून दिला. ही त्यांची सूनही नव्हे, लेकही नव्हे. आजींनी आढेवेढे घेतले नाहीत, पाय पुढे केला. कुणाला आपल्या पायाला हात लावू द्यायलाही मोठं मन लागतं, असं मला त्या वेळी वाटलं. शिष्य पेत्रसुद्धा प्रभूकडून पाय धुवून घ्यायला तयार नव्हता, आठवतं ना?

घरी येऊन योहान 21 काढला. तिबिर्या सरोवराच्या किनाऱ्यावरची, प्रभू उठल्यानंतरची ती सकाळ. रात्रभर जाळी टाकून काही हाती न लागलेले शिष्य, मग उजव्या बाजूला जाळं टाकल्यावर आलेले 153 मासे. लहानपणी तुम्ही हा आकडा आमच्याकडून पाठ करून घेतला होतात. पण जाळं किनाऱ्याला लागायच्या आधीच कोळशांवर मासा ठेवलेला होता, शेजारी भाकरही होती. तरीही प्रभू म्हणाला, तुम्ही धरलेल्यातलेही काही आणा. आणि मग त्यांना न्याहारीला बोलावलं. पाहुण्यांचाही वाटा ठेवला त्याने.

प्रभूला धरलं त्या रात्री महायाजकाच्या वाड्यात पेत्राने त्याला नाकारलं तेव्हा तो असल्याच कोळशांच्या विस्तवाशी शेकत उभा होता. इथे दुसरा विस्तव, आणि तीन नकारांना तीन प्रश्न. प्रवचनं इथवर येऊन बहुधा थांबतात. मला पुढचं वाक्य जास्त हवं होतं. त्याच पेत्राला प्रभू सांगतो की तरुणपणी तू स्वतः कंबर बांधून वाटेल तिकडे जायचास. म्हातारा होशील तेव्हा हात पसरशील आणि दुसरा कुणी तुझी कंबर बांधील. हे त्याच्या मरणाविषयी होतं हे मला माहीत आहे, बाबा, तुम्ही तांबडी पेन्सिल उचलू नका. पण ते सांगायला प्रभूने चित्र घेतलं ते म्हातारपणाचं, आणि त्यापाठोपाठ म्हणाला, माझ्यामागे ये. म्हणजे दुसऱ्याच्या हातून कंबर बांधून घेत चालणं हेही त्याच्यामागे चालणंच झालं.

तुमच्या बैठकीत 'यहोवा यिरे'ची तसबीर आहे. देव पुरवील, हे तुम्ही प्रत्येक फोनला सांगता, आणि माझं मत विचाराल तर अलीकडे ते वाक्य तुम्ही मला नाही म्हणायला वापरता. तुमच्या आवडत्या एलीयाचंच घ्या. ओढा आटल्यावर देवाने त्याला सारफथला धाडलं, एका परक्या विधवेच्या घरी. तिच्याजवळ मूठभर पीठ आणि थोडं तेल. देवाचा एवढा मोठा संदेष्टा तिच्या दारी जाऊन भाकर मागतो आणि पुढे बरेच दिवस तिथेच राहतो. देवाने पुरवलं ते त्या घरातून, त्या बाईच्या हातून. एलीयाला संकोच वाटला असता तर दोघांचीही उपासमार झाली असती, तिची आणि तिच्या मुलाचीसुद्धा.

नागपूर परकं आहे असं म्हणू नका. सहा मंडळ्या एक होऊन आपली उत्तर भारताची मंडळी, म्हणजे सीएनआय चर्च, 29 नोव्हेंबर 1970 ला उभी राहिली ती याच गावात, सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात. तुम्ही तेव्हा कॉलेजात होतात आणि यायचं राहून गेलं ही हळहळ आम्ही कितीदा ऐकली आहे. आता निवांत येऊन बघा. नारायण वामन टिळकांना नवा करार मिळाला तोही नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत. सोबतच्या प्रवाशाने दिला आणि नगरकरांना पुढे टिळक मिळाले. नागपूरचं एवढं देणं तरी लागतोच आपण. हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचं, ते स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडहून 1845 मध्ये इथे आले ते कायमचेच. तुम्हाला तर नगरहूनच यायचंय.

आता कामाचं. खालची खोली रिकामी केली आहे. संडास इंग्लिश पद्धतीचा करून घेतला, आई, तुझ्या गुडघ्यांसाठी. बाबांच्या जावयांनी स्वतः ड्रिल घेऊन भिंतीला स्टीलचा दांडा बसवला, आणि मग त्याला लोंबकळून बघितलं, पेलतो का म्हणून. पेलला. धाकटीने खिडकीपाशी खुर्ची मांडून 'आजोबांची जागा' अशी चिठ्ठी चिकटवली आहे. घरमालकीणबाई रोज विचारतात, 'आईबाबा कधी येऊन राहिले तुमचे?'

एप्रिल-मे मध्ये मात्र येऊ नका. मे महिन्यात इथे पारा 45 च्या वर जातो, आईला सोसायचं नाही. मृगाचे दोन पाऊस पडू द्या. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन तिकडे करायचं की इकडे, ते आल्यावर ठरवू. इथे केलंत तर थेंब घालायला चार हात आहेत. नगरचं घर विकायचं नाही, किल्ली काकूंकडे ठेवा. पेन्शनचे पैसे आम्ही घेणार नाही हे बाबांना मान्य नसेल तर भाजीचा खर्च तुमचा. तुम्ही धरलेल्यातलेही काही आणा, असं प्रभूच म्हणाला आहे, तेव्हा माझं तिथे काही चालत नाही.

महाराष्ट्र एक्सप्रेस नगरहून थेट आहे, गाडी बदलावी लागत नाही. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे जूनच्या अखेरचं तिकीट एप्रिलच्या शेवटी काढायला लागेन. खालचे दोन बर्थ मिळायला हवेत, म्हणून तारीख लवकर सांगा. रविवार धरून निघू नका, बाबांची उपासना चुकते आणि मग ते गाडीत दिवसभर गप्प बसतात. आई, तुझी औषधं महिनाभराची घे, कागद वेगळ्या पिशवीत ठेव, आणि लोणच्याची बरणी प्लास्टिकचीच आण.

तुमची,
बाळी