जॉइंट ऑप्शनची मुदत फक्त कामगारालाच का?

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार,

ईपीएस ९५ च्या, म्हणजे पीएफवाल्या कामगारांच्या १९९५ च्या पेन्शन योजनेच्या, वाढीव पेन्शनबद्दल पेपरात अधूनमधून येतं पण एक मुद्दा कोणी लावून धरत नाही म्हणून लिहितोय. मी स्वतः खाजगी कंपनीतून रिटायर झालेला कामगार आहे आणि माझ्यासारखे शेकडो लोक मला रोज भेटतात.

पीएफमध्ये कंपनीचा जो हिस्सा जातो त्यातून पगाराच्या ८.३३ टक्के पेन्शन फंडात जातात, पण १५,००० पगाराच्या मर्यादेवरच, म्हणजे महिन्याला १,२५०. पगार ४० हजार असला तरी तेवढेच. पेन्शनचा हिशेब पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०, त्यामुळे ३० वर्षं धरली तरी साडेसहा हजाराच्या आतच बसते. पूर्ण पगारावर धरलं तर तीच १७ हजाराच्या घरात जाते. घरात औषधपाणी असलेल्या माणसाला हा फरक काय असतो ते वेगळं सांगायला नको.

पूर्ण पगारावर पेन्शन घ्यायची सोय मार्च १९९६ पासून कायद्यात होती, त्यासाठी कंपनी आणि कामगार दोघांनी मिळून ऑप्शन (जॉइंट ऑप्शन) द्यायचा होता. आमच्या शॉपमध्ये हे कोणालाच माहीत नव्हतं. ना नोटीस बोर्डवर लागलं ना युनियनच्या मीटिंगमध्ये कधी विषय निघाला, एचआरवाले म्हणायचे सीलिंगवरच, म्हणजे ठरलेल्या पगार-मर्यादेवरच, कापतो सगळ्यांचं. मग १ सप्टेंबर २०१४ ला ती सोयच काढून टाकली आणि जुन्यांना नवा ऑप्शन द्यायला सहा महिने ठेवले, ते पण असेच निघून गेले. ज्याला माहीतच नाही त्याने मुदत चुकवली असं कसं म्हणायचं?

४ नोव्हेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टाने, सरन्यायाधीश लळित यांच्या खंडपीठाने, राहून गेलेल्यांना ऑप्शन द्यायला चार महिने दिले, पण १ सप्टेंबर २०१४ च्या आधी ऑप्शन न देता रिटायर झालेल्यांना बाहेर ठेवलं. म्हणजे एकाच मशीनवर काम केलेले दोघं, एक ऑगस्टमध्ये सुटला आणि दुसरा ऑक्टोबरमध्ये, तर एकाला दार बंद आणि दुसऱ्याला उघडं. कोर्टाचा निकाल आहे, मान्य करावाच लागतो, पण पटत नाही हो.

आता माझा खरा मुद्दा. कामगाराने अर्ज करायची ३ मार्च २०२३ ची तारीख ३ मे झाली, मग २६ जून, मग ११ जुलै, आणि तिथे कामगाराचा विषय संपला. त्यानंतर कंपन्यांनी पगाराचे तपशील भरून अर्ज पुढे पाठवायचे होते, त्यांना मात्र सप्टेंबर २०२३, मग डिसेंबर, मग मे २०२४, आणि शेवटी ३१ जानेवारी २०२५ पर्यंत मुदतवाढ मिळत गेली. डिसेंबर २०२४ मध्येही तीन लाखांवर अर्ज कंपन्यांकडेच अडकलेले होते. एक दिवस उशीर झालेल्या कामगाराला पोर्टल उघडत नाही आणि जुने पगारपत्रक शोधायला दीड वर्ष घेणाऱ्या कंपनीला कोणी विचारत नाही. रेकॉर्ड ठेवायची जबाबदारी कंपनीची, भोगायचं आम्ही. काहींच्या कंपन्या बंद पडल्यात, मालकाचा पत्ता नाही, सही कोणाची आणायची?

बरं ही पेन्शन फुकट मागत नाहीये कोणी. वाढीव पेन्शन घेणाऱ्याला फरकाची रक्कम व्याजासकट पेन्शन फंडात भरावी लागते, लाखांत जाते, पीएफ काढून घर बांधलेल्या माणसाला ती उभी करणं सोपं नाही तरी लोक तयार आहेत.

म्हणून कामगार मंत्रालयाला आपल्या पेपरमार्फत सांगणं आहे की ज्याच्या पासबुकात पूर्ण पगारावर पीएफ कापलेला दिसतो त्याचा अर्ज कंपनीच्या सही अभावी फेटाळू नका, पीएफ ऑफिसने स्वतःच्या रेकॉर्डवरून तपासावा. आणि ज्या कंपनीने मुदतीत तपशील भरला नाही तिला दंड लावा, अर्ज कामगाराचा रद्द करू नका. निर्णय लवकर घ्या, अर्ज केलेल्यांमध्ये सत्तरीच्या जवळ आलेले पुष्कळ आहेत.

आपला,
एक निवृत्त कामगार, पिंपरी