चि. बंटीस, कॅसेटबरोबर

कोल्हापूर, मंगळवार

चि. बंटी,
अनेक आशीर्वाद.

आत्या शनिवारी पुण्याला येते आहे. तिच्याबरोबर कांदा-लसूण चटणीची बरणी, तुझा राहिलेला स्वेटर आणि एक कॅसेट पाठवतोय. कॅसेट वाजवायला तुझ्याकडं काही नाही हे मला माहीत आहे. तरी ठेव.

परवा तुमच्या बँडची टूर ठरल्याचं फोनवर सांगितलंस, तेव्हा मी 'बरं' एवढंच म्हणालो आणि फोन आईकडं दिला. त्यावरून ती अजून मला बोलते आहे. आनंद झाला नाही असं नाही रे. पुणे, मुंबई, हैदराबाद, बंगळुरू, सगळी तुमचीच गाणी, पोस्टरवर तुमचं नाव. आमच्या नशिबी ते कधी आलं नाही. पण पुढं तू म्हणालास की हॉटेलचा खर्च वाचवायला कार्यक्रम संपला की रात्रीच गाडी काढायची आणि आळीपाळीनं तुम्हीच चालवायची. माझं डोकं तिथंच अडकलंय. त्याबद्दल पत्रात अवाक्षर काढायचं नाही असं ठरवून बसलोय. कॅसेटबद्दलच लिहितो.

टीडीके कंपनीची डी-९० आहे, म्हणजे एका बाजूला ४५ मिनिटं. ए बाजूला पिंक फ्लॉइड या बँडचा 'द डार्क साइड ऑफ द मून', १९७३ चा. बी बाजूला त्यांचाच 'विश यू वेअर हिअर', १९७५ चा. दोन्ही अल्बम ४५ मिनिटांच्या आतले, म्हणून एका नव्वदमध्ये दोन बरोब्बर मावतात. बी बाजूचं शेवटचं गाणं विरत विरत जातं, मग थोडी खरखर आणि खटका पडतो. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन्ही चौकोन मोडलेले दिसतील. चुकून कुणी वर भजनं भरू नयेत म्हणून रंग्याकाकानं ते स्क्रू-ड्रायव्हरनं काढले होते. त्याच्या घरी तसं एकदा झालं होतं.

आमच्या बँडमधल्या आम्हा चौघांत ही एकच प्रत. आठवडे वाटून घेतलेले. बाळूकाकाकडून परत आली की कव्हरला गोडेतेलाचा हात लागलेला असायचा, कारण तो ती रंकाळ्यावर गाड्यावरच वाजवायचा. गिऱ्हाईक भज्याची वाट बघत उभं आणि आत गाण्यातली घड्याळं ठणाणा वाजताहेत. गिऱ्हाईक दचकायचं. बाळूचे वडील म्हणायचे, "आरं, टेप बिघाडलाय तुझा." मग स्पिरिटमध्ये कापूस भिजवून डेकचं हेड पुसायचं काम माझ्याकडं. कापसावर तपकिरी डाग निघायचा तो टेपचा, आणि बाळूच्या डेकमधून निघायचा तो बेसनाचा, असं विजूकाका म्हणायचा.

रंग्याकाकाचा टेपडेक जोरात पळायचा. किती जोरात, ते आम्हाला कळायला सीडी यावी लागली. डीप पर्पल या बँडच्या 'मशीन हेड' अल्बममधला 'स्मोक ऑन द वॉटर' या धुराच्या गाण्याचा रिफ, म्हणजे सारखा येणारा तो गिटारचा तुकडा, मूळचा पांढरी पाचचा, पण आमच्या डेकवर तो अर्धी पट्टी वर, काळी चारमध्ये ऐकू यायचा. आम्ही गिटारी डेकला लावायचो, डेक म्हणेल तीच पट्टी. विजूचा कॅसिओ अर्धी पट्टी चढवून ठेवलेला. कितीतरी वर्षं आम्ही सगळं जग अर्ध्या पट्टीनं वर वाजवत होतो आणि आमच्या मते बरोबर वाजवत होतो. तुमच्या फोनवरच्या ट्यूनरला हे सुख नाही.

त्या रिफची मजा तुला सांगितली होती का? गणपतीत आम्ही बेंजो पार्टीत वाजवायचो, पैशासाठी. विसर्जनाला महाद्वार रोडवर मिरवणूक तुंबली होती. पुढच्या मंडळाचा गणपती हलेना, वाजवून वाजवून गाणी संपलेली. रंग्यानं बेंजोवर तो रिफ काढला. ताशावाल्यानं एकदा वळून बघितलं आणि असा काही ठेका धरला की अख्खी गल्ली त्याच्यावर नाचली. कुणाला कळलं नाही काय चाललंय. गुलालानं लाल झालेला एक म्हातारा पुढं येऊन म्हणाला, "हे कुठल्या पिक्चरचं? पुन्हा लाव." आम्ही पुन्हा लावलं. सारखं तेच लावलं.

ते गाणं खऱ्या आगीवर आहे. १९७१ च्या डिसेंबरात ही मंडळी स्वित्झर्लंडमध्ये माँत्रो इथल्या कॅसिनोत रेकॉर्डिंग करायला गेली होती. दुसऱ्याच कुणाचा, फ्रँक झॅपाचा, कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांतल्या कुणीतरी आत फ्लेअर गन, म्हणजे इशाऱ्याची पेटती गोळी सोडणारी बंदूक, उडवली आणि कॅसिनो जळून गेला. यांना रेकॉर्डिंगची जागा उरली नाही, पण तळ्यावर पसरलेल्या धुरावरून गाणं मिळालं. ही गोष्ट आम्ही चहावर चघळायचो. मग २०२४ च्या ८ ऑगस्टला आपलं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. तू पुण्यात होतास, मी आणि रंग्याकाका खासबाग मैदानाच्या बाजूला गर्दीत उभे होतो. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ सालचं पॅलेस थिएटर. त्याच स्टेजवर मी आयुष्यात पहिल्यांदा ॲम्प्लिफायरला वायर जोडली होती. रंग्या हळूच तो रिफ गुणगुणायला लागला. इतर वेळी मी त्याला शिवी दिली असती.

असो. पुणे ते हैदराबाद साडेपाचशे किलोमीटर आहे. हैदराबाद ते बंगळुरू जवळजवळ तेवढंच. मी नकाशात बघितलं. कार्यक्रम अकराला संपला, ड्रम उतरवून गाडीत भरेपर्यंत एक वाजणार. म्हणजे झोपेची खरी वेळ, दोन ते पाच, ती तुमची रस्त्यावर जाणार. आणि दुसऱ्या दिवशी साउंड चेक. बघ, आलंच ते.

तुला विजूकाकाचा डावा हात माहीत आहे. ताट धरताना तो कसा धरतो ते तू लहानपणी आईला विचारलंस आणि आईनं तुला आत पाठवलं होतं. निपाणीकडच्या जत्रेचा कार्यक्रम करून आम्ही पहाटे परत येत होतो. टेम्पोच्या हौदात सामान आणि सामानावर आम्ही. उसाचा हंगाम. टेम्पोवाल्याला डुलकी लागली आणि तवंदी घाट उतरल्यावर पुढं उसाची ट्रॉली. मागं ना दिवा ना रेडियम. अजूनही त्या तशाच असतात, सहापदरीचं काम काढलंय तरी. बाळू, रंग्या आणि मला खरचटण्यापलीकडं काही झालं नाही. ऑक्टोपॅडवर, त्या इलेक्ट्रॉनिक ड्रमवर, तर ओरखडासुद्धा नाही. विजूचं मनगट मात्र गेलं. पुढं तो शारजाला गेला, हिशेबाच्या कामाला, छान झालं त्याचं, घर बांधलं. पण हाताचं झाल्यावर कॅसेटचा त्याचा आठवडा आला की तो म्हणायचा, "ठेव तुझ्याकडंच." म्हणून ती माझ्याकडं राहिली. बी बाजू सगळ्यांत जास्त आवडायची ती त्यालाच.

त्या बी बाजूची गोष्ट रंग्याकाका रंगवून सांगायचा. सिड बॅरेट हा फ्लॉइडचा पहिला गाणारा, गाणी लिहिणाराही तोच. डोक्यावर परिणाम झाला आणि १९६८ मध्ये बँडमधून बाहेर पडला. सात वर्षांनी त्याच्याच आठवणीवर बँडमधले बाकीचे हा अल्बम करत होते, आणि १९७५ च्या ५ जूनला तो ॲबी रोड स्टुडिओत येऊन उभा राहिला. वजन वाढलेलं, डोक्यावरचे आणि भुवयांचे केस काढलेले. बराच वेळ कुणी ओळखलंच नाही. रंग्या इथं थांबून सिगारेट झटकायचा. विजू तेवढ्यात चहाचे पैसे द्यायला उठायचा, रोज त्याच जागी.

मेटॅलिका या मेटल बँडचं वेड मात्र तुला मीच लावलं, ते नाकारत नाही. आईचा माझ्यावर राग आहे तो त्याचाच. 'मास्टर ऑफ पपेट्स' १९८६ चा, पण कोल्हापुरात आमच्या हाती लागला तो पुष्कळ उशिरा, तोही कॉपीची कॉपी. त्यातल्या 'ओरायन'मध्ये बासचा तुकडा आहे तो मी उद्यमनगरच्या शेडवर रात्रपाळीत, लेथ चालू असताना मनात वाजवत बसवला. मग अलाहाबादहून 'रॉक स्ट्रीट जर्नल' हे मासिक निघायला लागलं, त्यात कुठंतरी वाचलं की तो बास वाजवणारा क्लिफ बर्टन कधीच गेला. १९८६ च्या २७ सप्टेंबरला, पहाटे, स्वीडनमध्ये. कार्यक्रम करून पुढच्या गावाला निघालेली बस उलटली. बसमध्ये झोपायची जागा कुणाची यावर त्यानं आणि बँडच्याच गिटारवाल्या कर्क हॅमेटनं पत्ते काढले होते, याला इस्पिकचा एक्का आला आणि त्यानं हॅमेटची जागा मागून घेतली. २४ वर्षांचा होता. म्हणजे मी ज्याच्यापुढं शिकायला बसायचो तो मी कॅसेट हातात घेण्याआधीच गेलेला होता.

तुला येत्या महिन्यात चोविसावं लागतंय. हे लिहू नको असं आई मागं उभी राहून सांगते आहे. लिहिलं.

मेटॅलिकाचा पुढचा अल्बम, १९८८ चा, ऐक म्हणजे कळेल. नवा बासवाला घेतला, पण त्याचा बास मिक्समध्ये इतका दाबला की कान देऊनही सापडत नाही. लोक त्याची शंभर कारणं देतात. मला विचारशील तर मित्राची जागा भरलेली त्यांना ऐकवत नव्हती. हे माझं मत, पुरावा काही नाही. २०११ च्या ऑक्टोबरात ते बंगळुरूला पॅलेस ग्राउंड्सवर आले, तेव्हा मी, बाळू आणि रंग्या गेलो होतो. तू दहा वर्षांचा होतास, मला पण न्या म्हणून जिन्यात रडत बसलास. आम्ही रेल्वेनं गेलो. बाळूच्या आईची अट होती, पोरं पन्नाशीला टेकली तरी चालतील पण रात्री रस्त्यानं जायचं नाही.

तेव्हा ऐक. कार्यक्रम झाला की त्याच गावात झोपा. सकाळी सहाला निघा. गाडी चालवणाऱ्यानं आदल्या रात्री बिअरसुद्धा घ्यायची नाही. शेजारी बसणाऱ्यानं झोपायचं नाही, त्याचं काम गप्पा मारणं. ड्रम मागं सीटवर नुसते ठेवू नका, दोरीनं आवळा, नाहीतर ब्रेक मारला की तेच डोक्यात येतात. गाडी भाड्याची घेताय तर ड्रायव्हरसकट घ्या आणि त्याला जेवायला, झोपायला वेळ द्या, तोही कुणाचा तरी पोरगा आहे. टायर बघून घ्या. तुझा तो ड्रमवाला, त्याचा चष्म्याचा नंबर किती आहे? त्याला रात्री दिसतं का नीट?

झालं माझं. मलाच वाचून शाळेतल्या फळ्यासारखं वाटतंय. रागावू नकोस. तू शहाणा आहेस, तुझे मित्रही. मागच्या दिवाळीत ते आपल्याकडं राहिले, तेव्हा सकाळी उठून अंथरुणं घडी करून ठेवली होती. आमच्या बँडमध्ये हे कुणी केलं नसतं. तू त्यातल्या एकाशीही पैशावरून भांडू नकोस, एवढं मात्र सांगतो. बाळू आणि रंग्या एका मायकच्या किमतीवरून बोलेनासे झाले होते. मायक कधीच मोडीत गेला, पण मिटवायला बाळूच्या पोरीचं लग्न यावं लागलं.

मुंबईच्या कार्यक्रमाला मी येऊ का? पुढं उभा राहणार नाही. मागं, मिक्सर ठेवतात तिथं उभा राहीन. तुझ्या मित्रांना अवघडल्यासारखं होणार असेल तर नको म्हण, वाईट वाटणार नाही. महालक्ष्मीनं येईन, महालक्ष्मीनंच परत जाईन.

लॉजसाठी तुझ्या खात्यावर थोडे पैसे पाठवलेत. ते लॉजचेच आहेत. त्यातून पेडल घ्यायचं नाही. पेडलचं मग बघू.

आई, आजी मजेत. आजीच्या गुडघ्याचं इंजेक्शन झालं, आता ती जिना चढते आणि आम्ही ओरडतो.

तुझा,
पप्पा

ता. क. तुमचा अल्बम शेडवर लावला होता. लेथवरचा पोरगा मोबाइलमध्ये मागून घेऊन गेला, त्याला मी तुझा बाप आहे हे मुद्दाम सांगितलं नव्हतं, नंतर सांगितलं. चौथं गाणं फार चांगलं झालंय. दुसऱ्यात मात्र बास अजिबात ऐकू येत नाही. गिटारी थोड्या खाली घ्यायला सांग आणि बास वर घे. तो तूच वाजवला आहेस ना?