रोहितच्या चोचीत मासा कुठून आला?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या बालपुरवणीतलं ‘आपल्या खाडीचं अन्नजाळं’ हे पानभर चित्र पाहिलं. रंग सुरेख आहेत, छपाई स्वच्छ आहे. पण बाण सगळे उलटे आहेत आणि रोहितच्या, म्हणजे फ्लेमिंगोच्या, चोचीत चक्क मासा दिला आहे!

बाणांचं आधी सांगते. अन्नजाळ्यातला बाण अन्नाबरोबर चालतो. ज्याला खाल्लं त्याच्यापासून निघतो आणि खाणाऱ्याच्या पोटाशी थांबतो. तुमच्या चित्रात तो बगळ्याकडून कोळंबीकडे गेला आहे, म्हणजे कोळंबीने बगळा खाल्ला. बाणावरून बोट फिरवत “हे याच्या पोटात जातं” असं मोठ्याने वाचायला लावलं की मुलांची ही चूक कायमची सुटते. चित्रकारानेही तसं एकदा वाचून पाहायला हवं होतं.

आता मासा. ठाणे खाडीला 2015 साली अभयारण्याचा दर्जा मिळाला तो फ्लेमिंगोच्याच नावाने, 2022 साली ती रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेली, आणि त्याच पक्ष्याचं खाणं मुंबईच्या मुलांना चुकीचं सांगितलं जातं याचा संताप येतो. रोहित मान खाली घालून चोच उलटी, वरचा भाग खाली अशी, पाण्यात धरतो. जाडजूड जीभ पिचकारीच्या दट्ट्यासारखी मागेपुढे होते, पाणी आत ओढून बाहेर टाकते आणि चोचीच्या आतल्या कडांना असलेल्या कंगव्यासारख्या बारीक दात्यांत अन्न अडकतं. रोहितच्या दोन जातींपैकी खाडीत जास्त संख्येने येतो तो छोटा रोहित. त्याची गाळणी फारच बारीक, त्यामुळे नीलहरित शेवाळ आणि डायटम, म्हणजे डोळ्यांना न दिसणारं एकपेशीय शेवाळ, हेच त्याचं मुख्य खाणं. मोठा रोहित चिखलातल्या अळ्या, बारीक शंख-शिंपले, कोळंबीच्या जातीचे छोटे जीवही गाळून घेतो. पिसांचा गुलाबी रंग येतो तोही या खाण्यातल्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांमुळे. मासा टिपायला बगळ्यासारखी सरळ, टोकदार चोच लागते.

लहान मुलांच्या चित्रात एवढं काय पाहायचं, असं कोणी म्हणेल. पण त्या एका माशामुळे धड्याचा गाभाच, म्हणजे पायरीपायरीने अन्न कमी होत जातं हे, हातचा गेला. पाचवी-सहावीच्या वर्गात तो पाण्याने दाखवता येतो. एका भांड्यात 1 लिटर पाणी घ्या, हे शेवाळ. त्यातलं 100 मिली कोळंबीच्या पेल्यात, त्यातलं 10 मिली, म्हणजे औषधाचे दोन चमचे, माशाच्या वाटीत आणि त्यातलं 1 मिली ड्रॉपरने बगळ्याच्या झाकणात. प्रत्येक पायरीला ढोबळमानाने दहावा हिस्साच पुढे जातो. बहुतेक वर्गांत इथे एक चूक होते. उरलेलं 900 मिली त्याच भांड्यात राहतं आणि मुलांना वाटतं, शेवाळ अजून शिल्लक आहे. ते वेगळ्या बादलीत ओता आणि बादलीवर चिठ्ठी लावा: ‘हालचाल, उष्णता, विष्ठा, न खाल्लेलं’. मग विचारा, खाडीवर रोहित हजारोंनी दिसतात आणि बगळे त्या मानाने थोडे, असं का? छोटा रोहित थेट लिटरच्या भांड्यातून पितो, बगळ्याच्या वाट्याला झाकण येतं. चोचीत मासा काढलात की हे उत्तर मुलांना कधीच सापडणार नाही.

चिखल तर नुसता तपकिरी रंगवून सोडला आहे. तिवराचं, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीचं, गळलेलं पान जिवाणू आणि बुरशी मऊ करतात, त्याचा चुरा खेकडे आणि कोळंबी खातात, त्यांच्यावर मासे आणि पक्षी जगतात. शेवाळाखेरीज अन्नजाळ्याची ही दुसरी सुरुवात चित्रात हवीच होती.

सहलींचंही बोलायला हवं. शाळा तारीख सुट्ट्या पाहून ठरवतात आणि वेळ बस पाहून. भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. या शनिवारी सकाळी दहाला ओहोटी असेल, तर पुढच्या शनिवारी दहाला भरती. भर भरतीत चिखल पाण्याखाली जातो, खेकडे बिळात असतात, रोहित उठून दुसरीकडे गेलेले असतात आणि मुलं काठावर उभं राहून वेफर्स खाऊन परततात. खेकडे आणि निवट्या (चिखलावर उड्या मारणारे छोटे मासे) दाखवायच्या तर ओहोटी गाठा. रोहित पाहायचे तर पाणी चढू लागतानाची वेळ धरा, तेव्हा ते काठाकडे सरकतात.

मुलं पुरवणीतलं चित्र कापून वहीत चिकटवतात. दोन ओळींचं शुद्धिपत्र कोणी चिकटवत नाही. तेव्हा दुरुस्त चित्र त्याच आकारात, पानभर छापावं ही विनंती. आणि त्याच पानावर शनिवार-रविवारच्या भरती-ओहोटीच्या वेळा द्या, एका ओळीचीच जागा लागेल.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका, भांडुप