नागोयातल्या अनोळखी मंडळींचे आभार

कंपनीच्या कामासाठी तीन आठवडे नागोयाला होतो. जाताना बॅगेत थालीपिठाची भाजणी होती नि पोटात गोळा. परतलो तो जपानच्या प्रेमात पडूनच. ज्यांच्यामुळे पडलो, त्यांतल्या एकाचंही नाव मला ठाऊक नाही.

साकाए स्टेशनबाहेर धो धो पावसात मला छत्रीत घेऊन हॉटेलपर्यंत सोडणाऱ्या आजी, तुम्हाला जायचं होतं उलट्या दिशेला. हे मला तुम्ही मागे वळलात तेव्हा कळलं!

उदोनवाले (उदोन म्हणजे रश्शातल्या जाड शेवया) काका, मी शाकाहारी म्हटल्यावर तुम्ही सुक्या माशाच्या पापुद्र्यांची बरणीच समोर धरलीत आणि हातांची फुली केलीत. रश्शातच मासा! मग साधा भात, तोफू, लोणचं दिलंत. वर ठेवलेले सुटे येन परत द्यायला रस्त्यावर धावत आलात, ते वेगळंच.

आणि माझं पाकीट कोबानमध्ये, म्हणजे पोलीस चौकीत, जमा करणारे तुम्ही. तिथल्या कायद्याने सापडलेल्या रकमेच्या ५ ते २० टक्के बक्षीस मागता येतं. तुम्ही तो हक्क सोडलात, नावही सांगितलं नाहीत. नोटा जशाच्या तशा, आईने दिलेला गणपतीचा फोटोसुद्धा.

आरिगातो गोझाइमासु. उच्चार अजून कच्चाच आहे, सांभाळून घ्या.