आधी रुग्णाला विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गंभीर आजाराचे निदान झाले की आपल्याकडे डॉक्टर आधी नातेवाइकांना बाहेर बोलावतात आणि रुग्ण आत खाटेवर दाराकडे पाहत पडून राहतो. ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही चुकते असे कुणाला वाटत नाही. मलाही वाटले नव्हते. माझ्या वडिलांना, नानांना, अन्ननलिकेचा कर्करोग असून तो यकृतापर्यंत पोहोचला आहे, असे मला एका रुग्णालयाच्या व्हरांड्यात सांगण्यात आले, तेव्हा माझ्या तोंडून पहिले वाक्य निघाले ते ‘नानांना सांगू नका’ हेच, आणि डॉक्टरांनी ते लगेच मान्य केले.

आम्ही त्यांना ‘अल्सर आहे’ म्हणून सांगितले आणि फाइल पिशवीत कपड्यांखाली ठेवली. नाना सातवी शिकलेले, कपाशीच्या वेचणीच्या धांदलीतही वर्तमानपत्र वाचल्याशिवाय न राहणारे. ज्या दारासमोरच्या बाकावर आम्ही त्यांना दोन तास बसवले, त्यावर ‘कर्करोग विभाग’ अशी ठळक मराठी पाटी होती. ती त्यांनी वाचली होती. तरीही तीन आठवडे ते काही बोलले नाहीत. इतकेच नव्हे, तर रात्री वेदना होत असतानाही ‘बरं शे’ म्हणत राहिले, कारण दुखणे सांगितले असते तर आजाराचा विषय निघाला असता. त्या तीन आठवड्यांत त्यांना वेदनाशामक औषध मिळू शकले असते, ही गोष्ट मला आजही सलते.

दुसऱ्या एका रुग्णालयातील तरुण डॉक्टरबाई स्टूल ओढून त्यांच्या खाटेशी बसल्या आणि अहिराणीत म्हणाल्या, ‘‘नाना, तुमले काय वाटस, हाऊ आजार काय शे?’’ नाना बराच वेळ गप्प होते. बाईही थांबून राहिल्या. मग ते म्हणाले, ‘‘माले मालूम शे.’’ बाईंनी पुढे विचारले, ‘‘सगळं तुमले सांगू, का पोऱ्याले सांगू?’’ ‘‘माले सांगा.’’ आजार बरा होणार नाही, केमोथेरपीने काही काळ मिळू शकेल पण वारंवार दवाखान्यात यावे लागेल, आणि अन्ननलिकेत जाळीची नळी बसवली तर गिळणे सोपे होईल, हे बाईंनी थोडे थोडे करून सांगितले. शेवटी, तुम्हाला सर्वांत महत्त्वाचे काय वाटते, असेही विचारले. कानबाईला, म्हणजे खानदेशात श्रावणात बसवल्या जाणाऱ्या देवीच्या उत्सवाला, घरी असावे आणि भाऊबंदांबरोबर तिच्या प्रसादाचा रोट खावा, असे नाना म्हणाले, आणि उपचार त्यावरून ठरले. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसली तेव्हा ते घरी होते आणि खिरीत कुस्करलेला रोट त्यांनी खाल्ला.

आजाराचे गांभीर्य वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये, असे भारतीय वैद्यक परिषदेचे 2002 चे आचारविषयक नियम सांगतात. मात्र ही माहिती ‘रुग्ण, त्याचे नातेवाईक किंवा जबाबदार मित्र’ यांना असावी, असे त्यांत म्हटले आहे आणि व्यवहारात त्या ‘किंवा’मधून रुग्णच गळून पडतो. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये अखेरच्या उपचारांबाबत आपली इच्छा आधीच लिहून ठेवण्याचा अधिकार मान्य केला, 2023 मध्ये त्याची प्रक्रियाही सोपी केली. पण ज्याला आपल्या रोगाचे नावच ठाऊक नाही, त्याने काय लिहून ठेवायचे? काही रुग्ण ‘मला नको, मुलाला सांगा’ म्हणतील. तो त्यांचा निर्णय असेल आणि तो पाळलाच पाहिजे, परंतु त्यासाठीही आधी त्यांनाच विचारावे लागते.

धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत आणि एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात 2019 पासून रुग्णाशी संवाद हा विषयही आला आहे. तो येथे प्रमाण मराठीत आणि इंग्रजीत शिकवून भागणार नाही. धडगाव-अक्कलकुव्याकडून आलेल्या पावरी वा भिली बोलणाऱ्या रुग्णासाठी पुतण्या किंवा वॉर्डातील मावशी दुभाषी होतात, आणि नेमके अवघड वाक्य दयेपोटी गाळतात. तिन्ही महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांकडून त्या डॉक्टरबाईंनी विचारले तसे प्रश्न अहिराणी, लेवा, भिली आणि पावरी बोलींत घोटून घ्यावेत, शिकवलेले दुभाषी नेमावेत आणि असे बोलणे व्हरांड्यात करावे लागू नये म्हणून प्रत्येक बाह्यरुग्ण विभागात दार लावता येईल अशी एक खोली राखून ठेवावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक
ता. अमळनेर, जि. जळगाव