मुंबईच्या नागदेवीतल्या दुकानदार काकांना, मनापासून

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, कारण तुम्हाला ते रुचणार नाही. पण आभार चारचौघांतच मानायचे आहेत. छोट्या सुतारी वर्कशॉपसाठी बाकड्यावर बसवायचं, खांबाचं ड्रिल मशीन घेणाऱ्या प्रत्येकाला तुमच्यासारखा माणूस भेटायला हवा.

मशीन दाखवण्याआधी तुम्ही विचारलंत, "भोकं कसली पाडायची आहेत?" आधीच्या दुकानांत हे कुणालाही विचारावंसं वाटलं नव्हतं. तिथे बोलणं हॉर्सपॉवरवर सुरू व्हायचं आणि किमतीवर संपायचं. एकाने तर मशीन चालू करून दाखवायलाही नकार दिला, म्हणे खोका सीलबंद आहे. हजारो रुपयांची वस्तू माणसाने न बघता उचलावी, ही अपेक्षा अजूनही संताप आणते.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. ऑटो बिजागरी, म्हणजे कपाटाच्या दाराला आतून लागणारी बिजागरी, तिच्या गोल कपची ३५ एमएमची भोकं, कपाटातल्या फळ्या टेकवायच्या पिनांसाठी ५ एमएमची आणि डॉवेलसाठी, म्हणजे जोडाच्या लाकडी खुंट्यांसाठी, ८ ते १० एमएमची. त्यावरून तुम्ही मशीन ठरवलंत. सागात ३५ एमएमचा फोर्स्टनर बिट (सपाट तळाचं रुंद भोक पाडणारा) मिनिटाला ५०० फेऱ्यांच्या आसपास चालवावा. १४०० वर नेला की लाकूड काळं पडतं, बिटाची कड निळी होते आणि धार उतरते. म्हणून अर्ध्या एचपीची मोटर पुरते, पण वेग ठरवणाऱ्या पुलीचा सर्वांत सावकाश टप्पा ५०० च्या जवळ यायलाच हवा. धातूसाठी बनलेली बरीच छोटी मशीनं तिथेच कमी पडतात. ५ एमएमच्या बिटाला उलट २५०० च्या पुढचा वेग मानवतो.

मशीनचा खांब ते चकचा, म्हणजे बिट पकडणाऱ्या जबड्याचा, मध्य हे अंतर मोठं हवं, असं सांगून महागडं मशीन गळ्यात मारणारे बरेच असतात. कपचा मध्य शटरच्या, म्हणजे कपाटाच्या दाराच्या, कडेपासून २१ ते २३ एमएमवर येतो, तिथे त्या अंतराचा संबंधच नाही. ३०० एमएम रुंद फळीच्या मधोमध भोक पाडायचं तर १५० एमएम लागतं, एवढंच. चक खाली किती उतरतो हे मात्र जास्त महत्त्वाचं. फर्निचरच्या ७५ एमएम जाडीच्या पायात ५० एमएम उताराचं मशीन पुरत नाही. मग दोन्ही बाजूंनी भोकं पाडावी लागतात आणि ती मध्ये चुकतात.

पण काका, हे पत्र त्या तारेसाठी आहे. हँगरची तार तुम्ही झेडसारखी दोनदा वाकवलीत, चकमध्ये आवळलीत आणि टोक जेमतेम टेकेल इतकं टेबल वर आणलंत. प्लग काढून चक हाताने सावकाश फिरवलात. मागे तार टेबलाला घासत होती, पुढे तिच्याखालून कागद सहज सरकत होता. डाव्या-उजव्या बाजूचा फरक टेबलाखालचा बोल्ट सैल करून काढता येतो. पुढे-मागे असलेला फरक बिडाच्या ओतकामातला किंवा घडणीतला, तो बोल्टने जात नाही. मग प्रत्येक भोक तिरकं आणि प्रत्येक डॉवेल तिरका. तुम्ही म्हणालात, "हे नेऊ नका." आणि स्वतःचाच माल बाजूला ठेवून दुसरा खोका फोडलात. कुणी तक्रार केली नव्हती. गुण्या लावून बघायचंही कुणाला सुचलं नव्हतं. सचोटी हा शब्द आपण फार सहज वापरतो. ती अशी समोर दिसते तेव्हा घसा दाटून येतो.

दुसऱ्या मशीनचा चक पूर्ण खाली आणून तुम्ही हाताने आडवा हलवून पाहिलात, खडखड नव्हती. टेपर, म्हणजे चक ज्यावर बसतो तो निमुळता दांडा, कोरड्या फडक्याने पुसून मगच चक ठोकलात, तेलाचा हात लागू दिला नाहीत. या मशीनवर राउटरचा (लाकडाच्या कडा नि खाचा कोरणाऱ्या यंत्राचा) बिट कधी लावू नका, हेही बजावलंत. टेपर खालून येणारा दाब झेलतो. बाजूने जोर आला की चक सुटून उडतो.

मशीन बाकड्याला बोल्टने बसवलं आहे. टेबलावर १८ एमएमचा प्लाय आहे, त्यामुळे भोकाच्या खालच्या तोंडाला ढलपी निघत नाही. भोक किती खोल जावं हे ठरवणारे दोन नट एकमेकांवर आवळून ठेवतो. एकच नट असेल तर तो थरथरीने सरकतो आणि १८ एमएमच्या शटरमध्ये १२.५ एमएम खोल कप पाडताना बिटाचं मधलं टोक पलीकडच्या लॅमिनेटला उचलतं.

येत्या महिन्यात बिटांसाठी येणं होईल. १५, २५ आणि ३५ एमएमचे, कार्बाइडचे बाजूला काढून ठेवा. प्लायमधल्या डिंकापुढे साधी धार फार टिकत नाही.

आपले कृतज्ञ,
सुतारकामवाले